डाव्या पायाचा हिशेब: स्पोर्टी गाडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

भाचीचा फोन आला तेव्हा मी कापूरबावडीला अडकलो होतो. पहिला गिअर, हाफ क्लच, पुढे पाण्याचा टँकर. फोन गाडीच्या स्पीकरवर घेतला. "मामा, बजेट वीस लाख. व्हर्टस जीटी बघून आले. मॅन्युअल घेऊ की डीएसजी? एका शब्दात सांग, शोरूमवाल्याला संध्याकाळी कळवायचंय."

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगनच्या या गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शब्द माझ्याकडे होता. पण डावा गुडघा इतका ठणकत होता की तेव्हा दिलेला सल्ला गुडघ्याचाच असता. म्हटलं, शोरूमवाल्याला थांबू दे, रविवारी जेवायला ये.

आधी आम्ही दोघं कुठून बोलतोय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी कासारवडवलीचा. गेली अकरा वर्षं मॅन्युअल टर्बो हॅचबॅक चालवतोय आणि घोडबंदर रोडने रोज ठाण्यात येतो. भाची नेरूळची. ऐरोलीला नोकरी, एकटीच गाडी वापरणार. गाडी शिकली ती वडिलांच्या ऑटोमॅटिकवर, त्यामुळे क्लच तिला ड्रायव्हिंग स्कूलपुरताच माहीत. आणि हो, व्हर्टस जीटी ही काही खरी स्पोर्ट्स कार नाही. चार दारं आणि भली मोठी डिकी असलेली ती सेडान आहे. पण १.५ लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. या बजेटात कोपऱ्यावर वळताना हसू आणणाऱ्या गाड्या आपल्याकडे अशाच असतात. खऱ्या स्पोर्ट्स कारचं काय चाललंय तेही पाहू, कारण हा वाद मुळात तिथला आहे.

वेगाचा मुद्दा लगेच निकालात काढू

मॅन्युअलवाले अजूनही कट्ट्यावर म्हणतात, "खरा पिकअप मॅन्युअललाच." ते दिवस गेले. २०२१ साली आलेली पोर्श ९११ जीटी३ घ्या. तिच्या पीडीके या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला शून्य ते शंभर जायला ३.४ सेकंद लागतात, सहा गिअरच्या मॅन्युअलला ३.९. मॅन्युअल गाडी सतराएक किलोने हलकी असूनही. सध्याची बीएमडब्ल्यू एम२ ऑटोमॅटिकमध्ये ४.० सेकंद घेते, मॅन्युअलमध्ये ४.२. ऑटोमॅटिक एम२ ला इंजिनाचा टॉर्कही जास्त दिलाय, ६०० न्यूटन मीटर, तर मॅन्युअलला ५५०.

कारण सरळ आहे. ड्युअल क्लचमध्ये १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर असतात. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच तिसरा तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो तोच दुसरा पकडतो, चाकांची ताकद जवळजवळ तुटतच नाही. माणसाचा पाय कितीही चपळ असला तरी क्लच दाबून, गिअर टाकून, क्लच सोडेपर्यंत इंजिन मोकळंच फिरतं. रेसिंगवाल्यांना हे फार आधी कळलं. १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी ६४० ही गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने तिच्यातून जिंकली. २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून ड्युअल क्लच रस्त्यावरच्या गाडीत आला. तेव्हापासून घड्याळाच्या शर्यतीत मॅन्युअल मागेच आहे.

आता हे दोन दशांश सेकंद आपल्या काय कामाचे? अटल सेतूवर वेगमर्यादा शंभर. पुणे एक्स्प्रेसवेलाही कारला शंभर, घाटात साठ. माजिवड्याला तर रिक्षावाला तुमच्यापुढे नाक घालायला याहून कमी वेळ घेतो. वेगासाठी ऑटोमॅटिक घेऊ नका आणि वेगासाठी मॅन्युअलही घेऊ नका.

तरीही मॅन्युअल मेली नाही, हे मजेशीर आहे. पोर्शने २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली. चाहते चिडले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१ गाड्या, आणि त्यांच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय मुकाट परत आला. टोयोटा सुप्राचंही तसंच झालं. २०१९ ला आली फक्त ऑटोमॅटिक, २०२२ ला मॅन्युअल द्यावीच लागली. आपल्याकडचं छोटं उदाहरण ह्युंदाई आय२० एन लाईनचं. २०२१ मध्ये ती आयएमटी घेऊन आली, म्हणजे गिअर हाताने टाका पण क्लच पेडल नाही. २०२३ मध्ये आयएमटी गेली आणि क्लच पेडलवाली साधी मॅन्युअल आली. उलटीकडे गोल्फ जीटीआय, जी २०२५ मध्ये प्रथमच भारतात आली, ती जगभरात आता मॅन्युअलमध्ये मिळतच नाही. एकूण चित्र असं की मॅन्युअल ही वेगवान गाडीची गरज राहिलेली नाही, ती आता मुद्दाम मागून घ्यायची चीज झाली आहे. पानाचा विडा जसा.

"ऑटोमॅटिक" म्हणजे कुठली?

माझ्या मते बहुतेक लोकांची गफलत इथे होते. ते मॅन्युअल विरुद्ध ऑटोमॅटिक असा सामना लावतात, पण समोर दोन वेगळे पैलवान आहेत आणि त्यांची जातकुळी वेगळी आहे.

एक टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, तेल गिअरबॉक्सकडचा पंखा फिरवतं. गाडी रांगत असताना घासतं ते तेल, प्लेट नाही. वेग घेतला की लॉकअप क्लच दोन्हींना जोडून टाकतो. पूर्वी हे गिअरबॉक्स सुस्त होते, ॲव्हरेज खायचे, म्हणून बदनाम झाले. आता झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा कन्व्हर्टर इतका तल्लख आहे की बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम५ मधला ड्युअल क्लच काढून तोच बसवला. स्पोर्ट्स कारवाल्यांनी ड्युअल क्लच सोडून "म्हाताऱ्यांच्या" गिअरबॉक्सकडे परत यावं, ही गेल्या काही वर्षांतली मला सगळ्यात गंमतीची गोष्ट वाटते.

दुसरा ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. यातही दोन प्रकार. ओला, म्हणजे क्लच तेलात बुडालेले, तेल उष्णता वाहून नेतं. गोल्फ जीटीआयमध्ये हा आहे. आणि कोरडा, म्हणजे मॅन्युअलसारखेच सुके क्लच, फक्त दोन, आणि ते दाबणारा पाय कॉम्प्युटरचा. व्हर्टसमधला डीएसजी, ज्याचं नाव डीक्यू२००, हा कोरडा आहे. त्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि इंजिनाचा टॉर्कही नेमका २५०. गिअरबॉक्स हलका, चपळ, मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा. पण ट्रॅफिकमध्ये कॉम्प्युटर जे करतो ते तुमच्या-माझ्या हाफ क्लचपेक्षा वेगळं नसतं. गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच घासतो, तापतो.

म्हणून भाचीला पहिलं सांगितलं ते हे: तुझ्यापुढचा प्रश्न "मॅन्युअल की ऑटोमॅटिक" असा नाहीच. "माझा हाफ क्लच की कॉम्प्युटरचा हाफ क्लच" असा आहे.

गायमुख आणि पाम बीच

गेल्या पावसाळ्यात गायमुख घाटात एक मित्र अडकला. गाडी कोणत्या कंपनीची ते सोडा, कोरड्या ड्युअल क्लचची होती. चढ, पुढे कंटेनर, खड्डे, तासाला दोन किलोमीटर. साहेब ब्रेकवर पाय ठेवायचे सोडून ॲक्सिलरेटरला हलका पाय लावून गाडी चढावर तोलून धरत होते. वीस मिनिटांनी डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. तोपर्यंत आत जळक्या ब्रेक लायनरसारखा वास भरला होता. कडेला घेतली, बॉनेट उघडून उभे राहिले, अर्ध्या तासाने गाडी निघाली. पुढे सर्व्हिस सेंटरने नुसतं "ड्रायव्हिंग हॅबिट" असं लिहून दिलं. चिडला, पण खरं सांगायचं तर चूक त्याचीच होती. मॅन्युअलमध्येही कोणी वीस मिनिटं चढावर क्लचवर गाडी तोलली तर हाच वास येतो. फरक एवढाच की मॅन्युअलवाल्याला पायातून कळतं की आपण काय करतोय. ऑटोमॅटिकवाल्याला वाटतं गाडी बघून घेईल.

कोरडा ड्युअल क्लच घेणार असाल तर घोडबंदरसाठी दोन सवयी लावा. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून इंच इंच सरकू नका. अंतर पडू द्या, मग एकदाच नीट पुढे जा आणि नीट थांबा. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. चढावर गाडी ब्रेकने धरा किंवा हिल होल्डने. तुम्ही अंतर सोडलंत की त्यात तीन रिक्षा घुसणार, हे मान्य. घुसू द्या. रिक्षाला वाट देणं गिअरबॉक्स दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

आणि मॅन्युअल? घोडबंदरवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून मी एकदा मोजलं होतं. तीन हात नाका ते कासारवडवली, संध्याकाळी घरी परतताना: एकशे ऐंशीच्या पुढे गेल्यावर क्लच किती वेळा दाबला ते मोजायचं सोडून दिलं. स्पोर्टी गाडीचा क्लच थोडा जडच असतो, कारण जास्त टॉर्क धरायचा असतो. चाळिशीनंतर गुडघा त्याचा हिशेब ठेवतो.

भाचीचा रस्ता मात्र वेगळा आहे. नेरूळहून पाम बीच, वाशी, मग ठाणे-बेलापूर रोडने कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली. पंधराएक किलोमीटर. सकाळी लवकर निघते, बऱ्याच ठिकाणी उड्डाणपूल, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी वाहत राहते. सिग्नल आहेत, पण सिग्नलला थांबणं आणि रांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिग्नलला न्यूट्रल टाकून पाय मोकळा करता येतो. रांगताना येत नाही.

माळशेजमध्ये काय होतं

जेवणानंतर विषय निघालाच: "मग मॅन्युअलमध्ये असं आहे तरी काय?"

तिला सांगितलं ते इथेही सांगतो. कल्याण, मुरबाड, टोकावडे सोडलं की माळशेजचा चढ सुरू होतो. पावसाळा नसेल आणि पहाटे निघालो असू तर रस्ता मोकळा. वळण समोर आलं. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा. डावा पाय क्लचवर. डावा हात तिसऱ्यातून दुसऱ्यात. त्याच क्षणी उजव्या पायाची कड ॲक्सिलरेटरला टिचकी मारते, इंजिन हुंकारतं, इंजिनाचे फेरे खालच्या गिअरशी बरोबर जुळतात आणि क्लच सुटतो तेव्हा गाडीला साधा हिसकाही बसत नाही. याला हील-टो म्हणतात. मला हे जमायला दीड वर्ष लागलं आणि दहापैकी तीनदा अजूनही चुकतं. ते चुकतं म्हणूनच जमलं की आनंद होतो. ऑटोमॅटिकमध्ये डावं पॅडल ओढलं की कॉम्प्युटर हेच काम दर वेळी बिनचूक करतो. उत्तम करतो. पण ते त्याने केलेलं असतं.

आता बऱ्याच मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये फेरे जुळवण्याचं कामही गाडीच करते. निसानने ३७०झेडमध्ये हे पहिल्यांदा दिलं. एम२ मध्येही आहे, बंद करता येतं. चांगली सोय, पण मी तरी बंदच ठेवीन.

ऑटोमॅटिकच्या बाजूने घाटात एक तक्रार आणि एक सल्ला. तक्रार अशी की डी, म्हणजे नेहमीचा ड्राइव्ह मोड, ॲव्हरेजसाठी शिकवलेला असतो. वळणाआधी तुम्ही पाय काढला की गाडी लगेच वरचा गिअर घेते, वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की क्षणभर विचार करून दोन गिअर खाली येते. तो क्षण घाटात खुपतो. एस, म्हणजे स्पोर्ट मोड टाका, फरक पडतो. सल्ला उतरणीचा आहे आणि तो गमतीचा नाही. बोरघाट, कसारा, माळशेज, कुठेही उतरताना गाडी डीमध्ये सोडून फक्त ब्रेकवर राहू नका. पॅडलने किंवा मॅन्युअल मोडने दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनाला गाडी अडवू द्या. मॅन्युअलवाला हे हाताच्या सवयीने करतो. ऑटोमॅटिकवाले विसरतात आणि घाटाच्या पायथ्याशी ब्रेकचा वास घेत चहा पितात.

पैसे

फार लांबवत नाही. एकाच ट्रिममध्ये ड्युअल क्लच साधारण लाखभर किंवा त्याहून महाग पडतो. ॲव्हरेजमध्ये आता ऑटोमॅटिक मार खात नाही, तो जुना समज. खरा फरक वॉरंटी संपल्यावर कळतो. मॅन्युअलची क्लच प्लेट हे हजारांतलं काम आणि ते चांगला ओळखीचा मेकॅनिकही करतो. ड्युअल क्लचचे क्लच किंवा ते चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं आणि कंपनीच्या दारात जावंच लागतं. म्हणून डीसीटी किंवा डीएसजी घेताना वाढीव वॉरंटी घेतलीच पाहिजे. यात वाटाघाटी नकोत. गाडी तीन-चार वर्षांत विकणार असाल तर मात्र हा मुद्दा निम्मा हलका होतो आणि मुंबई-ठाण्यात ऑटोमॅटिकला गिऱ्हाईकही पटकन मिळतं.

घरात गाडी आणखी कोण चालवणार हेही बघा. आमच्या हिला माझी मॅन्युअल नको असते, तिची टॉर्क कन्व्हर्टर मला नको असते. निदान असं मी गेल्या वर्षापर्यंत म्हणायचो.

मग कोणी काय घ्यावं

मी, मॅन्युअलचा भक्त, पुढची गाडी ऑटोमॅटिक घेणार आहे. घोडबंदरवर राहून महिन्यातल्या एका माळशेजसाठी रोज दोन-दोन तास डावा पाय गहाण टाकणं आता मला परवडत नाही. पण तीही टॉर्क कन्व्हर्टरचीच. माझ्या रस्त्यावर कोरडा ड्युअल क्लच मी घेणार नाही, तो कितीही मजेचा असला तरी.

भाचीला सांगितलं, तू मॅन्युअल घे. ऑटोमॅटिकवर वाढलेली तू, म्हणून उलट तूच घे. तुझा रस्ता वाहता आहे, गुडघे सव्वीस वर्षांचे आहेत आणि गाडी दुसरं कोणी चालवणार नाही. तू ठाण्यात घोडबंदरला राहत असतीस, किंवा रोज वाशीहून सायन-पनवेल रोडने मुंबईत शिरत असतीस, तर हेच बोललो नसतो. हातात कोटभर रुपये असते आणि एम२ घ्यायची असती तर आणखी वेगळं सांगितलं असतं: तशी गाडी रोजची नसतेच, मग मॅन्युअल का नको?

एक अट घातली. शोरूमवाला टेस्ट ड्राइव्हला पाम बीचवर नेईल आणि तिथे दोन्ही गाड्या अप्सराच वाटतील. दोन्ही गाड्या संध्याकाळी साडेसहाला माग आणि गर्दीत घाल. डीएसजीमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हिसका बसतो का बघ. मॅन्युअलचा क्लच कुठे पकडतो, वर की खाली, ते बघ. उड्डाणपुलाच्या चढावर दोन्ही गाड्या थांबव आणि निघून दाखव.

बुधवारी तिने दोन्ही चालवल्या. डीएसजी तिला गुळगुळीत वाटली, फक्त वाशीच्या गर्दीत दोनदा "कोणीतरी मागून ढकललं असं झालं." मॅन्युअल उड्डाणपुलाच्या चढावर दोनदा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेजारी बसलेला शोरूमचा पोरगा घाबरून म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिकच बरी पडेल तुम्हाला." तिसऱ्यांदा गाडी निघाली, पुढे रस्ता मोकळा मिळाला, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि परत येऊन तिने त्या पोराला मॅन्युअलची पावती करायला लावली.

काल विचारत होती, हील-टोसाठी पातळ तळाचे बूट कुठे मिळतील. म्हटलं, गोखले रोडला बघ, आणि आधी ती गाडी चढावर बंद न पाडता काढायला शीक.